तलाव हिरवा झाला, मासे मेले: मोरचूद टाकण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यातल्या एका छोट्या तलावाकाठी तुम्ही राहता. मे महिन्यापासून पाणी गर्द हिरवं झालंय. जूनच्या सुरुवातीला दोन दिवस आभाळ भरून राहिलं, रात्री पहिली मोठी सर आली आणि सकाळी फिरायला गेलेल्यांना काठाशी शे-दीडशे मासे पोट वर करून तरंगताना दिसले. कुणी म्हणतं, रात्री कोणीतरी विष टाकलं. कुणी म्हणतं, शेवाळच विषारी आहे. आता आजूबाजूच्या सोसायट्या वर्गणी काढून तलावात शेवाळ मारायला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट हा तांब्याचा क्षार, टाकणार आहेत. ते किती टाकायचं आणि उरलेले मासे वाचतील का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देते: मोरचूद टाकू नका. उरलेले मासे वाचवायचे असतील तर आत्ताच्या घडीला याहून धोक्याचा दुसरा उपाय नाही.

मी मत्स्यशास्त्र शिकले आणि गेली चोवीस वर्षं गोड्या पाण्यातली तळी बघते. मुरबाड-शहापूरकडची शेततळी बघितली, ठाण्यातले तलावही बघितले. तुमचा तलाव मी पाहिलेला नाही. त्यामुळे पाण्याची खोली किती, त्यात सांडपाणी येतं का, तळाला गाळ किती साचलाय, मासे कोणते आहेत, यावर पुढचं बरंच अवलंबून राहील. तरी तुम्ही दिलेल्या तपशिलात एक गोष्ट ठळक आहे. मासे पहाटे मेले, ढगाळ दिवसांनंतर मेले आणि पहिल्या पावसानंतर मेले. हे तिन्ही एकत्र आले की माझा पहिला संशय विषावर जात नाही. पाण्यातला प्राणवायू संपला, असंच मला वाटतं.

मेलेले मासे कसे दिसत होते ते आठवून बघा, किंवा कुणी फोटो काढले असतील तर मागवून घ्या. प्राणवायू संपून मेलेल्या माशाचं तोंड बहुतेक वेळा उघडं असतं आणि कल्ले फाकलेले असतात. मोठे मासे आधी जातात, बोटुकली मागे राहतात. कटला, रोहू लवकर दगावतात, तिलापिया बराच काळ तग धरतो. मरळ आणि मांगूर तर हवेतला प्राणवायू घेऊ शकतात, म्हणून ते जिवंत सापडतात. आदल्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमाराला मासे वर येऊन आ वासत होते का, हे सकाळी लवकर फिरणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारा. त्यांना नक्की माहीत असेल. विषाचा प्रकार निराळा असतो. मासे गिरक्या घेतात, वेडेवाकडे पोहतात, लहानमोठे सगळेच एकदम जातात आणि पुष्कळदा बेडूक, पाणकिडेसुद्धा मेलेले दिसतात. शिवाय विषाला पहाटेची वेळ लागत नाही, ते भर दुपारीही मारतं.

मग शेवाळाचा यात दोष काय? इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. हिरवं पाणी म्हणजे वाईट पाणी, असं नसतं. शेततळ्यात मासे पाळणारा शेतकरी मत्स्यबीज सोडण्याआधी मुद्दाम शेणखत आणि सुपर फॉस्फेट टाकतो, पाणी हिरवट व्हावं म्हणून. डोळ्यांना न दिसणारं हे शेवाळ म्हणजे वनस्पती प्लवक. ते प्राणी प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांचं, खाद्य, आणि प्राणी प्लवक कटल्याच्या पिल्लांचं. शेवाळच नसेल तर तळं काचेसारखं स्वच्छ दिसेल, पण त्यात मासा वाढणार नाही. पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची, ही पद्धत सेकी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये आणली. आम्ही आजही तीच वापरतो. थाळी साधारण ३० ते ४५ सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली तर शेततळ्यासाठी ते उत्तम. १५ सेंटीमीटरच्या आत नाहीशी झाली तर मला रात्री झोप लागत नाही.

कारण शेवाळ दिवसा एक काम करतं आणि रात्री दुसरं. उन्हात ते प्राणवायू तयार करतं, इतका की दुपारी पाणी त्याने अतिसंपृक्त होतं. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून विरघळून एका लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. गर्द हिरव्या तळ्यात दुपारी दोन वाजता मी १४ सुद्धा मोजलाय. अंधार पडला की तेच शेवाळ प्राणवायू घ्यायला लागतं. मासे घेतात, गाळातले जिवाणू घेतात, सगळेच घेतात आणि देणारं कोणी उरत नाही. त्याच तळ्यात पहाटे पाच वाजता माझ्या मीटरवर १.२ होता. रोहू-कटल्याला ५ च्या वर बरं वाटतं, ३ च्या खाली त्यांची घुसमट सुरू होते आणि १ च्या आसपास ते मरायला लागतात. म्हणून दुपारी घेतलेला नमुना घेऊन ‘पाणी उत्तम आहे’ असा अहवाल कोणी दिला, तर त्यावर विसंबू नका. तलावाची खरी परीक्षा पहाटे साडेचार ते सहा या वेळेत होते.

आता तुमच्या त्या दोन ढगाळ दिवसांकडे या. ऊन नाही म्हणून दिवसाची कमाई कमी, पण रात्रीचा खर्च तेवढाच. पहिल्या दिवशी शिल्लक घटली, दुसऱ्या दिवशी आणखी. त्यात रात्री गार पाऊस पडला. मे महिन्यात उथळ तलावातही वरचं पाणी तापलेलं आणि तळाचं त्यामानाने गार असतं. हे दोन थर एकमेकांत सहज मिसळत नाहीत. तळाच्या थरात प्राणवायू जवळपास नसतो, उलट सडणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया साचलेला असतो. पावसाचं गार, जड पाणी खाली उतरतं, वारा त्याला हातभार लावतो आणि एका रात्रीत तळाचं पाणी वर येतं. त्या सकाळी तलावाला सडक्या अंड्यांसारखा वास येत होता का, हेही विचारून ठेवा. रस्त्यावरची धूळ, पालापाचोळा, कुजकं पहिल्या सरीबरोबर आत आलं असेल, ते वेगळंच. इतकं सगळं एका रात्रीत एकत्र आल्यावर विष टाकायला कुणी यावं लागत नाही.

शेवाळाच्या आणखी एका त्रासाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, तो सामूचा, म्हणजे पीएचचा. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पाण्याचा सामू चढतो. ९ किंवा त्याच्याही वर जातो. आणि सामू चढला की पाण्यातला निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनियात बदलतो. ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी शंभरात जेमतेम एक भाग विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की तो शंभरात ४५ च्या आसपास जातो. सांडपाणी येणाऱ्या तलावात अमोनिया असतोच, म्हणजे तिथले मासे पहाटे गुदमरतात आणि दुपारी कल्ले भाजून घेतात. म्हणूनच हिरव्या पाण्यात घाईने चुना ओतू नका. ‘चुन्याने पाणी शुद्ध होतं’ असं ऐकून एखादा सदस्य पोती घेऊन येईलच. चुन्याने सामू आणखी चढतो.

आता विषारी शेवाळाबद्दल, कारण ही शंका अगदीच निराधार नाही. ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यात एक गट नील-हरित शेवाळाचा असतो. खरं तर ते जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. त्यातलं मायक्रोसिस्टिस शहरी तलावांत वारंवार भेटतं. त्याच्या पेशींत वायूच्या बारीक पुटकुळ्या असतात, त्यामुळे ते वर तरंगतं आणि वाऱ्याबरोबर एका काठाला साचतं. कोणी हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखं दिसतं. त्याच्या काही वाणांत मायक्रोसिस्टिन नावाचं विष असतं, ते यकृतावर घाला घालतं. अमेरिकेत ईरी सरोवरातल्या अशाच शेवाळामुळे ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराच्या सुमारे पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं, आणि उकळूनही उपयोग नव्हता, कारण हे विष उकळण्याने जात नाही.

तुमच्याकडे ते आहे का, हे घरच्या घरी ढोबळमानाने कळतं. हातमोजे घालून पारदर्शक बाटली तीन-चतुर्थांश भरा, साचलेला थर थेट घेऊ नका, त्याच्या खालचं पाणी घ्या. बाटली न हलवता रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी हिरवा थर वर आला असेल तर नील-हरित शेवाळाची शक्यता मोठी. खाली बसला असेल तर साधं हिरवं शेवाळ. काठीला केसांसारखे धागे गुंडाळून वर आले तर ते धाग्यांचं शेवाळ, आपल्याकडे काहीजण त्याला गोंडाळ म्हणतात. दिसायला किळसवाणं, पण विषाची भीती त्यामानाने कमी. उन्हात पाण्यावर विटकरी-लाल साय येत असेल तर बहुधा युग्लिना नावाचा एकपेशीय जीव, हेही सांडपाण्याचंच लक्षण. बाटलीतून विष आहे की नाही हे कळत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. पण थर वर आला तर तोपर्यंत मुलांना आणि कुत्र्यांना पाण्यापासून लांब ठेवा आणि तलावातले मासे खाऊ नका. हे विष माशाच्या यकृतात आणि आतड्यांत जास्त साठतं आणि शिजवून जात नाही. मेलेला मासा तर कुठल्याही परिस्थितीत बाजारात जाता कामा नये.

मोरचुदाविषयी मी इतकी आग्रही का आहे, ते सांगते. कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. मुरबाड तालुक्यातल्या एका शेततळ्यावर पाणी असंच गर्द झालं होतं आणि मालक घाबरले होते. मी पुस्तकातला डोस काढला आणि पूर्ण तळ्यात एका दिवसात मोरचूद टाकायला सांगितलं. शेवाळ मेलं. दुसऱ्या दिवशी पाणी तपकिरी झालं, मालक खूश झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा फोन आला. मेलेलं शेवाळ तळाला सडत होतं, सडताना उरलासुरला प्राणवायू घेत होतं, आणि प्राणवायू तयार करणारं जिवंत शेवाळ मी मारून टाकलं होतं. वर्षभर वाढवलेले रोहू त्यांनी टोपल्यांनी बाहेर काढले. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेले नाही, आणि त्यानंतर आजवर भरलेल्या तळ्यावर एका दमात मोरचूद मारायला कुणालाही सांगितलेलं नाही.

तुमच्या तलावात धोका याहून मोठा आहे. तांब्याचा माशावर होणारा घातक परिणाम पाण्याच्या जडपणावर, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांवर, अवलंबून असतो. पाणी जितकं मऊ, तितका कमी डोस माशाला मारतो. पावसाळ्यात पावसाच्या पाण्याने आपले तलाव मऊ होतात. म्हणजे मे महिन्यात निभावलेला डोस जुलैत मारक ठरू शकतो. शेवाळ नील-हरित असेल तर पेशी फुटून त्यातलं विष एकदम पाण्यात येईल. आणि तांबं कुठे जात नाही, गाळात बसतं, तिथल्या गोगलगायी आणि किडे मारतं. एवढं करूनही शेवाळ काही आठवड्यांत परत येणार, कारण त्याचं खाणं तसंच आहे.

त्या खाण्याचा प्रश्न १९७३ मध्ये कॅनडात फार सुंदर रीतीने सुटला. ओंटारियोत डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने २२६ क्रमांकाचं सरोवर मधोमध प्लास्टिकचा पडदा घालून दोन भागांत विभागलं. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातलं, एका भागात त्याबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरस घातलेला भाग हिरवागार झाला, दुसरा तसाच स्वच्छ राहिला. विमानातून काढलेला तो फोटो मी प्रत्येक सोसायटीच्या बैठकीत दाखवते. आपल्या तलावांत फॉस्फरस येतो तो मैल्यातून, काही धुण्याच्या पावडरींतून, निर्माल्यातून, आणि हो, माशांना टाकलेल्या कुरमुऱ्यांतून आणि पावातूनसुद्धा. श्रद्धेने टाकलेली मूठ माशाच्या पोटात जाते तेवढी जाते, बाकीची तळाला कुजते. ठाण्यात विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करायला लागल्यापासून मोठ्या तलावांवरचा एक भार हलका झालाय. पण रोजचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीतून येतच असतं.

सगळ्यात मोठा वाटा मात्र सांडपाण्याचा असतो, आणि तो शोधायची माझी साधी रीत आहे. मे महिन्यात, पाऊस नसताना, तलावात उघडणारी प्रत्येक पावसाळी नाली बघायची. तिथून पाणी वाहत असेल तर ते पावसाचं नाही. कुठल्या तरी इमारतीची किंवा वस्तीची मैलावाहिनी त्या नालीला जोडलेली आहे. यंदाचा मे गेला, पण पावसात दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की पहाटे जाऊन बघा, फोटो काढा, नालीची जागा लिहून ठेवा. महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते, त्यात तलावांच्या पाण्याच्या तपासण्या असतात. तुमच्या तलावाचे मागचे आकडे तिथून काढा. वर्गणी जमलीच असेल तर ती मोरचुदाऐवजी पाण्याच्या तपासणीवर आणि या नालीच्या पाठपुराव्यावर खर्च करा. हे बंद झालं नाही तर बाकी सगळं वरवरचं राहील.

नाली बंद झाल्यावरही पाणी लगेच नितळ होणार नाही, हे सोसायटीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर वर्षभरात लोक वैतागतात. तळाच्या गाळात वर्षानुवर्षांचा फॉस्फरस साठलेला असतो आणि प्राणवायू नसला की गाळ तो परत पाण्यात सोडतो. म्हणून गाळ काढणं लागतं. पण तेही पाणी कमी असताना आणि माशांची सोय करून. भर पावसाळ्यात गाळ ढवळला तर तुम्ही नुकतंच जे पाहिलंत तेच पुन्हा होईल.

माशांचीही निवड महत्त्वाची आहे. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात तसे पाण्यातले डॅफ्नियासारखे प्राणी प्लवकही खातात, आणि शेवाळ चरून कमी करणारे तेच असतात. तिलापिया आपल्या देशात १९५२ मध्ये आणला गेला. तो इतका भराभर वाढतो, घरट्यांसाठी तळ इतका उकरतो, की गाळ सतत पाण्यात मिसळत राहतो. मरळीसारखा शिकारी मासा तलावात टिकून असेल तर लहान माशांवर वचक राहतो, म्हणून गळ टाकून मरळी काढून नेणाऱ्यांना मी नेहमी हटकते. गर्द पाण्याखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे तळाशी उगवणाऱ्या पाणवनस्पती मरतात आणि पिल्लांचा आसरा जातो. खंड्या आणि पाणकावळे नजरेने मासा हेरतात, त्यांनाही मग अशा पाण्यात काही दिसत नाही. सकाळी तुमच्या तलावावर पाणकावळे येणं थांबलंय का, बघा. मी मीटर काढण्याआधी पक्ष्यांकडे बघते.

एक खुलासा, कारण नवी मुंबईतले वाचकही हे वाचतील. वाशी, नेरूळ, बेलापूरकडच्या धारण तलावांत भरती-ओहोटीचं पाणी येतं. तिथलं गणित वेगळं आहे. वर लिहिलेलं गोड्या पाण्यासाठी आहे.

आता या आठवड्यात काय करायचं. मेलेले मासे आजच बाहेर काढा, तेही सडून प्राणवायूच खातात. तलावात कारंजं असेल तर ते संध्याकाळी शोभेला चालू करण्याऐवजी रात्री बारा ते सकाळी सात चालवा, विशेषतः आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी. कारंजं नसेल आणि मासे पहाटे वर आ वासताना दिसले, तर भाड्याचा पंप आणून तलावाचंच वरचं पाणी उचला आणि फवाऱ्यासारखं परत पाण्यात सोडा. पंपाचं तोंड तळाला टेकवू नका, गाळ उसळेल. नळाच्या पाण्याचा टँकर ओतू नका, त्यातलं क्लोरीन माशांना मारतं. माशांना खाऊ घालणं महिनाभर पूर्ण बंद ठेवा. कुरमुरेवाल्याला समजावून सांगा, त्याचं गिऱ्हाईक तुटतं याची जाणीव ठेवून.

बाटलीचा प्रयोग आज रात्री लावा. उद्या सकाळी बाटलीचा फोटो, मेलेल्या माशांचे फोटो असतील तर ते, आणि पहाटे साडेपाचला पाण्याचा वास कसा आहे हे इथेच लिहा. थर वर आला असेल तर पुढची पायरी वेगळी असेल, ती मी तेव्हा सांगते.